अनुदानाने गावात काय बदललं, हे मोजायचं कसं? नाशिक जिल्ह्यातल्या छोट्या संस्थांसाठी

पेठ किंवा सुरगाणा तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर फेब्रुवारीत सर्व्हे केलात, तर पाडा बऱ्यापैकी सुस्थितीत दिसेल. ज्यांची परिस्थिती खरोखर हलाखीची, ती कुटुंबं तेव्हा दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर मुक्कामाला गेलेली असतात. घरी भेटतात ती विहिरीला पाणी असलेली, पगारदार, नाहीतर थकलेली म्हातारी माणसं. आणि बहुतेक संस्था नेमका हाच काळ निवडतात, कारण ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपतं आणि देणगीदाराला अहवाल हवा असतो.

म्हणून काय मोजायचं याच्या आधी कधी मोजायचं आणि कोणाला विचारायचं हे ठरवावं, असं माझं ठाम मत आहे. इंडिकेटरच्या, म्हणजे काय मोजायचं त्याच्या, तयार याद्या कुठेही मिळतात. गावाचं कॅलेंडर मात्र आपल्यालाच बसून बनवावं लागतं.

पुढची पद्धत साधारण दोन ते दहा लाखांच्या निधीसाठी आणि तीन-चार कार्यकर्त्यांच्या संस्थेसाठी आहे. मोठ्या सीएसआर (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या) प्रकल्पांचा मामला वेगळा. ज्या कंपनीवर मागच्या तीन वर्षांत सरासरी १० कोटी किंवा त्याहून जास्त सीएसआर खर्चाची जबाबदारी आहे, तिला १ कोटी व त्याहून मोठ्या प्रकल्पांचं, ते पूर्ण होऊन किमान वर्ष झाल्यावर, बाहेरच्या स्वतंत्र संस्थेकडून परिणाम मूल्यमापन करून घ्यावं लागतं. तुमच्या पाच लाखांच्या कामाला हा नियम लागत नाही. तरी कुणी 'इम्पॅक्ट असेसमेंट रिपोर्ट' मागितला, तर बिचकू नका. त्यांना बहुधा व्यवस्थित लिहिलेली आठ-दहा पानंच हवी असतात.

करारावर सही करण्याआधी

पहिलं काम कागदावर एक वाक्य लिहिण्याचं. निधी संपेल तेव्हा कोणाच्या आयुष्यात काय वेगळं असेल? 'महिला सक्षमीकरण' हे उत्तर चालणार नाही. समजा पाड्यावरच्या बचत गटाला नागलीची (नाचणीची) चक्की, चाळणी आणि पॅकिंग मशीन घ्यायला चार लाख मिळणार आहेत. तर वाक्य असं हवं: 'दोन वर्षांनी गटातल्या ३० महिला नागली धान्य म्हणून व्यापाऱ्याला देण्याऐवजी पीठ करून विकतील आणि किलोमागे आजच्यापेक्षा जास्त पैसे त्यांच्या हातात पडतील.'

आता हे वाक्य उलटं उलगडा. जास्त पैसे हातात पडायचे तर पीठ विकलं गेलं पाहिजे. पीठ विकायचं तर चक्की नियमित चालली पाहिजे. चक्की चालायची तर ती बसवून, थ्री-फेज वीजजोड घेऊन, कोणाला तरी चालवता आली पाहिजे. बहुतेक अहवाल शेवटच्या टप्प्यावरच थांबतात: चक्की घेतली, फीत कापली, फोटो काढला. हे काम झाल्याचा पुरावा आहे, बदल झाल्याचा नाही. तुमच्या साखळीतल्या प्रत्येक कडीला निदान एक आकडा हवा.

आणि प्रत्येक आकड्यासमोर एक प्रश्न लिहा: हा वाईट आला तर आपण काय वेगळं करणार? उत्तर सुचत नसेल तर तो आकडा गोळाच करू नका. या चाळणीतून सहा-सात आकडे उरतात, आणि छोट्या संस्थेला तेवढेच झेपतात. चाळीस इंडिकेटरचा तक्ता भरणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत. त्यातले तीस ऑफिसात बसून भरले जातात, हे देणगीदारालाही ठाऊक असतं.

एक चौकट मात्र उसनी घेण्यासारखी आहे. अमेरिकी काँग्रेसने १९६९ साली स्थापन केलेलं इंटर-अमेरिकन फाउंडेशन लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियन देशांतल्या गावगटांना थेट छोटे निधी देत आलं आहे. त्यांनी परिणाम तीन थरांत मांडले: व्यक्ती आणि कुटुंब, संस्था किंवा गट, आणि समाज. प्रत्येक थरात डोळ्यांना दिसणारे बदल एकीकडे, न दिसणारे दुसरीकडे. यादीतलं सगळं भरायचं नसतं, आपल्या प्रकल्पाला लागू तेवढंच उचलायचं. चक्कीच्या उदाहरणात कुटुंबाच्या थरात किलोमागचे पैसे आणि 'विकायचं कधी हे कोण ठरवतं' हे दोन्ही येतात, गटाच्या थरात चक्कीचा हिशोब आणि सभासदांचा एकमेकींवरचा विश्वास. आपल्याकडचे अहवाल पहिल्या थराच्या दिसणाऱ्या बाजूलाच चिकटून बसतात.

बेसलाइन: आधी जुनी दप्तरं उघडा

बेसलाइन म्हणजे काम सुरू होण्याआधीची मोजणी. तिच्यासाठी नवा फॉर्म छापण्याआधी गावात काय लिहून ठेवलेलं आहे ते बघा. घरांची यादी ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये (घरपट्टीच्या नोंदवहीत) मिळते. आशाताईंच्या आणि अंगणवाडीच्या रजिस्टरमध्ये नमुना ८ मध्ये न सापडणारी घरंही असतात, म्हणजे गावाबाहेरच्या झोपड्या किंवा वेगळी चूल मांडलेली मुलं. बचत गटाची हजेरी, बचत आणि कर्जाची खतावणी ही तर तयार बेसलाइनच आहे. उमेदच्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) गटांना दशसूत्रीप्रमाणे, म्हणजे गटाच्या दहा नियमांप्रमाणे, ही दप्तरं ठेवावीच लागतात. मागच्या बारा महिन्यांची बेरीज केली की अर्धं काम झालं.

जे लिहिलेलं नाही तेवढंच विचारा. आणि 'तुमचं वार्षिक उत्पन्न किती?' हा प्रश्न फॉर्ममधून काढूनच टाका. खरं उत्तर येत नाही, आणि त्यात लोकांचा दोष नाही. रेशनकार्डाचा रंग, उत्पन्नाचा दाखला, लाडकी बहीण योजनेची अडीच लाखांची मर्यादा हे सगळं त्या एका आकड्याला टांगलेलं असताना शहाणा माणूस कमीच सांगणार. त्याऐवजी पीकवार विचारा: भात किती पोती झाला, घरी किती ठेवला, विकला तो कोणत्या महिन्यात, काय भावाने. बेरीज आपण करायची.

लोक ज्या मापात बोलतात त्या मापात लिहून घ्या. नागली, वरई पायलीत सांगतात. पण पायली सगळीकडे सारखी नसते, आणि खुरासणीच्या पायलीचं वजन नागलीच्या पायलीएवढं भरत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी त्या पाड्यावरची पायली घ्या, तिथलीच नागली भरा, शीग काढून तराजूवर ठेवा आणि किलोचा आकडा फॉर्मच्या वरच्या कोपऱ्यात लिहा. एंडलाइनला, म्हणजे काम संपल्यावरच्या मोजणीला, दुसरा कार्यकर्ता आला तरी हिशोब जुळेल.

पश्चिमेकडच्या तालुक्यांसाठी माझा आवडता प्रश्न एकच आहे: 'यंदा घरची नागली-भात कोणत्या महिन्यापर्यंत पुरलं?' बाई पटकन आणि नेमकं उत्तर देते. होळीपर्यंत, अक्षय तृतीयेपर्यंत, आखाडीपर्यंत. सण महिन्यात बदलून घ्या. अन्नसुरक्षेचं याहून सोपं आणि भरवशाचं मोजमाप मला माहीत नाही.

गावाचं कॅलेंडर

एका मोठ्या कागदावर बारा महिने आखून गावातल्या आठ-दहा जणांसोबत बसा, निम्म्या महिला हव्यात. पाऊस, पिकं, मजुरीला जाणं, परत येणं, सण, उसनवारी, आजारपण, पाणी तुटणं हे सगळं भरत जा. कागद छोटा पडला तर शाळेच्या अंगणात खडूने किंवा रांगोळीने आखा.

नाशिक जिल्ह्याची गंमत अशी की इथे एकच कॅलेंडर चालत नाही. इगतपुरी-त्र्यंबकेश्वर-पेठ-सुरगाण्यात जून ते सप्टेंबर पावसाची झोड असते. आवणीच्या (भातलावणीच्या) दिवसांत बैठक बोलावली तर कुणी येणार नाही, आलं तर मनातून शिव्या देईल. दिवाळीच्या सुमाराला भात-नागली घरात येते, तेव्हा घर भरलेलं असतं, आणि मग माणसं बाहेर पडतात. त्यातली पुष्कळशी होळीला परततात. या पट्ट्यात होळीचा सण मोठा. त्या आठवड्यात पाडा भरलेला असतो. सगळ्या घरांना भेटायचं असेल तर होळीच्या आगेमागेच जा, मात्र ऐन सणाच्या दिवशी फॉर्म काढू नका. कळवण-बागलाण-सुरगाण्याकडे मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचा उत्सव असतो. त्यात बसलेल्या माणसांना तेव्हा प्रश्नावलीसाठी गाठू नये, एवढी समज हवीच.

येवला, नांदगाव, सिन्नरचा पूर्व भाग, चांदवड इकडे चित्र उलटं. पाऊस कमी, आणि गावाचं सुखदुःख उन्हाळी कांद्याच्या भावावर आणि टँकरवर. इथे मेअखेर हा खरा परीक्षेचा महिना. दिंडोरी-निफाडला ऑक्टोबरची छाटणी आणि जानेवारी ते एप्रिलचा द्राक्षांचा तोडा, या काळात शेतकरी आणि मजूर दोघांनाही डोकं वर काढायला फुरसत नसते.

नियम एकच: बेसलाइन ज्या महिन्यात केली, एंडलाइनही त्याच महिन्यात करा. नोव्हेंबरची बेसलाइन आणि जूनची एंडलाइन ताडून पाहिली तर उत्तम प्रकल्पसुद्धा फसलेला दिसेल. उलट केलं तर काहीच न करता यश मिळेल. करार एप्रिलमध्ये झाला आणि देणगीदाराला तीन महिन्यांत बेसलाइन हवी असेल, तर हे कॅलेंडर दाखवून मुदत मागून घ्या. गावाचा कागद समोर ठेवला की समजूतदार अधिकारी ऐकतो.

पाण्याचं काम मोजताना

गाळ काढणं, बंधारा दुरुस्ती, सलग समतल चर या कामांच्या अहवालात सर्वांत जास्त हवा असते. 'अमुक कोटी लिटर पाणी साठलं' हे वाक्य बहुधा गाळाच्या ट्रॉल्या मोजून आलेलं असतं. गणित असं: १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे साधारण २.८३ घनमीटर, म्हणजे २,८३० लिटर जागा. ही जागा मोकळी झाली, एवढंच यातून सिद्ध होतं. पाणी आलं का, मुरलं का, कोणाच्या विहिरीला उतरलं, हे विहिरीच सांगतील.

त्यासाठी सहा ते आठ विहिरी निवडा. काही बंधाऱ्याच्या खालच्या बाजूच्या, काही मधल्या, आणि दोन तरी पार दुसऱ्या ओहोळावरच्या, जिथे आपल्या कामाचा परिणाम पोचणं शक्य नाही. या शेवटच्या दोन विसरू नका. त्यांच्याशिवाय बाकीच्या सहांचा अर्थ लागत नाही.

प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर ऑइल पेंटने एक खूण करा आणि दर वेळी त्याच खुणेवरून मोजा. मोजायला जाड टेप आणि त्याच्या टोकाला बांधलेलं वजन पुरतं. वजन पाण्याला टेकलं की आवाज येतो, टेप सैल पडतो. तिथला आकडा लिहा. तळापर्यंतची खोलीही एकदा मोजून ठेवा. खरी गोम आहे वेळेची. मोटर नुकतीच बंद झाली असेल तर पाणी उतरलेलं असतं, तासाभराने झरे भरून ते वर येतं. शेतीच्या लाइटचं वेळापत्रक काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री असं फिरतं. रात्रीची लाइट असलेल्या आठवड्यात सकाळी सातला मोजलेला आकडा काही कामाचा नाही. म्हणून 'मोटर बंद होऊन किती तास झाले' हा रकाना फॉर्ममध्ये हवाच. सगळ्या विहिरी किमान आठ-दहा तास थांबलेल्या असताना मोजता आल्या तर सोन्याहून पिवळं.

वर्षातून किमान दोनदा, मेअखेरीस आणि पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात, मोजा. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशा चार वेळा मोजते. तेच महिने पाळले तर सरकारी आकड्यांशी ताडूनही पाहता येईल. सोबत महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाचा त्या वर्षीचा पाऊस लिहा. पाऊस दीडपट पडलेल्या वर्षी विहीर चार फूट वर आली म्हणून कुणी हार घालून घेऊ नयेत.

आकड्यांच्या जोडीला दोन साधे प्रश्न विचारा. रब्बीत मोटर कोणत्या महिन्यापर्यंत चालली? आणि गावाला पहिला टँकर कोणत्या तारखेला आला? टँकरची नोंद पंचायत समितीत असते, त्यामुळे ती तारीख कोणाच्या आठवणीवर सोडावी लागत नाही. पाच वर्षांच्या तारखा एका ओळीत लिहिल्या की बरंच काही दिसतं. पेठ-त्र्यंबकेश्वरच्या डोंगरपाड्यांवरही, एवढा धो धो पाऊस पडून, उन्हाळ्यात टँकर लागतो. तिथे विहिरीऐवजी झऱ्याचं पाणी मोजा. पंधरा लिटरची बादली झऱ्याखाली धरायची, मोबाइलवर सेकंद मोजायचे, तीनदा करून सरासरी काढायची.

कांदा चाळीचं उदाहरण

कांदा साठवायच्या चाळीसाठी अनुदान दिलं की अहवालात येतं: 'शेतकऱ्यांचं उत्पन्न वाढलं.' कांद्याच्या बाबतीत हे वाक्य जवळजवळ निरर्थक आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क आलं, त्याच डिसेंबरात निर्यातबंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठली पण शुल्क राहिलं, सप्टेंबरात ते २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून गेलं. या काळात लासलगावचा भाव वर गेला की खाली आला, याचा तुमच्या चाळीशी काय संबंध? भाव दिल्लीत हलतो. चाळ ज्यावर परिणाम करते ते मोजा: कांदा किती टिकला.

एकाच शेतकऱ्याच्या, एकाच वावरातल्या, एकाच दिवशी काढलेल्या कांद्याच्या सहा जाळीदार गोण्या भरा. वावर एकच का? कांद्याला शेवटचा युरिया कधी पडला आणि शेवटचं पाणी कधी दिलं यावरही टिकवण ठरते. वेगवेगळ्या शेतातला कांदा घेतला तर चाळ मोजताय की खत, हेच कळणार नाही. प्रत्येक गोणीचं वजन करून तिला रंगीत दोरी बांधा. तीन गोण्या नव्या चाळीत खाली, मध्ये आणि वर अशा ठेवा. तीन शेजाऱ्याच्या जुन्या पद्धतीच्या चाळीत, तशाच.

दर महिन्याला, निदान वरच्या गोण्यांचं तरी, वजन करा; बाकीच्या चाळ फोडताना निघतील. वजन घटण्याचे तीन प्रकार वेगळे लिहा: सुकून कमी झालेलं, सडून फेकलेलं आणि कोंब फुटलेलं. सड जास्त असेल तर हवा खेळत नाही किंवा पावसाचं पाणी आत येतं. कोंब जास्त असतील तर वाण, काढणी आणि हवामान बघा; चाळीला लगेच दोष देऊ नका. शेवटी वाचलेल्या किलोंना त्या महिन्याचा बाजार समितीचा सरासरी भाव लावा. बाजारभाव पडलेला असला तरी 'क्विंटलमागे इतके किलो वाचले' हा आकडा तुमचाच राहतो.

कोणाला विचारायचं, कोणी विचारायचं

गटात पंचवीस-तीस महिला असतील तर नमुना निवडायच्या भानगडीत पडू नका, सगळ्यांना विचारा. दीड-दोनशे घरांचं गाव असेल तर चाळीस-पन्नास घरं चिठ्ठ्या टाकून काढा, आणि पाडेवार वेगळ्या चिठ्ठ्या टाका, म्हणजे लांबचा पाडा सुटणार नाही. 'जी घरं उघडी दिसली ती घेतली' हा नमुना नव्हे. चिठ्ठीत निघालेलं घर कामावर गेलं असेल तर पुन्हा जा. शेजारचं घर घेतलंत की स्थलांतर करणारी कुटुंबं गळालीच. मजुरीला गेलेल्यांची यादी आशाताईंकडे किंवा किराणा दुकानदाराच्या उधारीच्या वहीत असते, आणि ज्या बागेवर ती आहेत तिथे जाऊन विचारणंही अशक्य नसतं. दिंडोरी काही परदेश नाही.

तीसपेक्षा कमी माणसांचे आकडे टक्क्यांत लिहू नका. 'आठपैकी पाच महिला' हे वाक्य '६२.५ टक्के' यापेक्षा जास्त खरं आहे.

ज्या कार्यकर्त्याने काम केलं त्यालाच त्याचे परिणाम विचारायला पाठवू नये. ताई समोर बसल्यावर 'ताई, तुमच्यामुळे खूप फायदा झाला' असंच लोक म्हणणार. आपल्या माणसांना तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. दोन संस्थांनी मिळून अदलाबदल करावी: सुरगाण्याच्या कार्यकर्त्याने पेठमध्ये विचारावं, पेठच्याने सुरगाण्यात. दोघांनाही कोकणा बोली समजत असेल तर उत्तमच. नाशिक शहरातली मुलं प्रमाण मराठीत छापील प्रश्न वाचायला लागली की आजी मान डोलावते आणि कार्यकर्ता 'हो' वर टिक करतो.

महिलांना वेगळं विचारा. सासू आणि नवरा ओट्यावर असताना पैशाचा प्रश्न काढू नका. मोबाइलवर फॉर्म भरायचा तर कोबो टूलबॉक्स घ्या, मराठीत फॉर्म बनतो आणि रेंज नसली तरी चालतो. भरलेल्या दर दहा फॉर्ममागे एका घरी दुसऱ्या माणसाने जाऊन तीनच प्रश्न पुन्हा विचारावेत. उत्तरं फारच वेगळी आली तर तो गठ्ठा बाजूला ठेवा. आधारकार्डाच्या झेरॉक्स गोळा करायची सवय मोडा: २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यानंतर ती जोखीम आहे, आणि आधीही त्याची गरज नव्हतीच.

हे आपल्यामुळेच झालं का?

बचत गटाची मासिक बचत २०२४ च्या उत्तरार्धात वाढलेली दिसली, तर टाळ्या वाजवण्याआधी आठवा: त्या जुलैपासून लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० रुपये सुरू झाले. महिला बाजाराला जास्त जाऊ लागल्या? मार्च २०२३ पासून एसटीत त्यांना अर्धं तिकीट आहे. रस्ता झाला असेल, नवीन शिक्षक आले असतील, दुसऱ्या संस्थेनेही काम केलं असेल. अशा सगळ्या बाहेरच्या गोष्टींची तारीखवार एक यादी सुरुवातीपासून ठेवा. अहवालात ती जोडली तर तुमचं श्रेय कमी होत नाही, वाचणाऱ्याचा विश्वास वाढतो.

शक्य असेल तर शेजारचं एक गाव, जिथे निधी नाही, तिथेही तीन-चार आकडे घ्या. पण त्या गावाला आशा दाखवू नका. 'आम्ही फक्त तुलनेसाठी आलोय' हे पहिल्याच बैठकीत सरळ सांगा. माणूसबळ नसेल तर हे सोडून द्या आणि लोकांनाच विचारा: 'चक्की आली नसती तर यंदा काय केलं असतं?' उत्तरं ऐकून साखळीतली कुठली कडी खरी आणि कुठली आपल्या कल्पनेतली, हे कळतं.

देखरेखीची भेट

ही दर तिमाहीला एक पुरे. जाण्याआधी व्हाउचर, मस्टर आणि बँक पासबुक ऑफिसातच जुळवून घ्या; गावात कागद चाळत बसू नका. भेटीची तारीख कळवा, पण कोणती घरं बघणार ते कळवू नका. सुरुवात डांबरी रस्त्यापासून सर्वांत लांबच्या पाड्यापासून करा, कारण उशीर झाला की नेमका तोच गळतो. जिओटॅग फोटो हा वस्तू त्या दिवशी तिथे होती याचा पुरावा आहे; ती वापरात आहे का हे चक्कीच्या वीजबिलाच्या युनिटवरून आणि जात्याच्या खोबणीतल्या ताज्या पिठावरून कळतं.

न दिसणारा बदल

'आत्मविश्वास वाढला' हे मोजता येत नाही, असं म्हणून आपण ते सोडून देतो किंवा उगाच पाचपैकी गुण द्यायला लावतो. त्यापेक्षा ग्रामसभेचं प्रोसिडिंग बघा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या सभांच्या ठरावांखाली सूचक आणि अनुमोदकाचं नाव असतं. त्यात महिलांची नावं किती, त्यांनी मांडलेले विषय कोणते, त्यातल्या किती ठरावांवर पुढे काम झालं? पेसा क्षेत्रात (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जास्त अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या गावांत) पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा असू शकते, तिचं पुस्तक वेगळं बघा. काही ठिकाणी नावं सभेनंतर ऑफिसात घातली जातात, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. म्हणून सभेला प्रत्यक्ष बसा आणि कोण बोललं ते आपल्या वहीत टिपा.

दुसरी पद्धत गोष्टींची. १९९० च्या दशकात बांगलादेशात रिक डेव्हिस यांनी ती मांडली. लोकांना विचारायचं: 'गेल्या वर्षात तुमच्या मते सर्वांत मोठा बदल कोणता?' दहा-बारा गोष्टी जमल्या की त्या गटासमोर वाचायच्या आणि गटानेच एक निवडायची. निवडीचं कारण लिहून घ्यायचं. कामाची गोष्ट ते कारणच असतं, कारण गाव कशाला महत्त्व देतं हे त्यात उघड होतं. देणगीदाराच्या यादीतला बदल आणि गावाने निवडलेला बदल वेगळे निघाले, तर पुढच्या प्रस्तावात गावाचा घाला.

आकडे आधी गावासमोर

अहवाल ईमेल करण्याआधी सहा-सात आकडे मोठ्या कागदावर लिहून पाड्यावर घेऊन जा. वाचणं जमत नसेल त्यांच्यासाठी धान्याच्या ढिगांनी किंवा दगडांनी दाखवा. 'हे बरोबर आहे का?' असं विचारलं की तासभर भांडण होतं, आणि त्या भांडणात जे कळतं ते कुठल्याही सर्व्हेत कळत नाही. चक्की तीन महिने बंद का होती, पैसे कोणाकडे अडकले, कोणत्या दोन घरांचं पीठ आधी दळलं जातं. वैयक्तिक उत्तरं मात्र उघडी करू नका, फक्त बेरजा.

मग देणगीदाराला लिहा, आणि वाईट बातमी पहिल्याच पानावर लिहा. कशामुळे फसलं, आता काय बदलतोय, त्यासाठी अंदाजपत्रकात कोणता हेड हलवायचाय. निधी देणाऱ्यांना मध्यावर कळलेली अडचण चालते. शेवटच्या महिन्यात कळलेली चालत नाही. या सगळ्यासाठी मूळ अंदाजपत्रकात पाच टक्क्यांच्या आसपास रक्कम धरा. पाच लाखांत पंचवीस हजार. प्रवास, अदलाबदल केलेल्या कार्यकर्त्यांचं मानधन आणि चहापाणी त्यात निभतं.

दोन-तीन वर्षांनी

निधी संपल्यावर पुन्हा जाणारी संस्था क्वचितच सापडते, आणि खरं उत्तर तर तेव्हाच मिळतं. वर उल्लेख केलेलं इंटर-अमेरिकन फाउंडेशन आपल्या संपलेल्या काही प्रकल्पांकडे पाच वर्षांनी परत जात आलं आहे. आपल्याला एवढं जमलं नाही तरी तिसऱ्या वर्षी एक फेरी जमते.

काय बघायचं याची कल्पना दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणावरून येईल. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या प्रयत्नांतून कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था काढल्या. पाणी मोजून घेतलं, मोजून वाटलं, पाणीपट्टी स्वतः वसूल केली. सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा राज्याचा कायदा त्यानंतर, २००५ साली, आला. तिथे मोजमाप रोजच्या कामाचाच भाग होतं: पाळी कोणाची आणि पाणी किती, हे मोजल्याशिवाय वाटपच होत नाही.

चक्कीच्या पाड्यावर त्याच नजरेने विचारा. वीजबिल कोणाच्या नावावर येतं आणि मागचे सहा महिने कोणी भरलं? पट्टा शेवटचा कधी बदलला, पैसे गटाच्या खात्यातून गेले की एखाद्या ताईच्या खिशातून? दळणाचा दर शेवटचा कोणत्या बैठकीत ठरला, ठरावाचं पान दाखवा. निधी आला तेव्हा नसलेल्या सभासद किती, आणि त्यातल्या कितींना चक्की चालवता येते? एवढ्याला दीड तास लागतो. या फेरीचा खर्च मूळ अंदाजपत्रकातच मागून ठेवा. नाही मिळाला तर सकाळच्या एसटीने जा, संध्याकाळच्या गाडीने परत या.